सत्तरची टकटक

पाण्याखाली आमच्या कामाची वाटणी ठरलेली होती. फोटो यांनी काढायचे, सिलिंडरमधली हवा दाखवणारं गेज मी वाचायचं. नखाएवढ्या समुद्री गोगलगाईपुढे हे पालथे पडले की दोन्ही हात कॅमेऱ्याला. कमरेशी लोंबणाऱ्या गेजकडे बघणार कोण? हवेचा काटा पन्नासवर आला की मी सळीने यांच्या सिलिंडरवर टकटक करायची आणि दोघांनी वर निघायचं. मी मात्र सत्तरलाच वाजवायची. घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवतात, तसं. कारण यांचा 'एवढा एकच' कधी एकाने भागला नाही.

त्या दिवशीच्या दुसऱ्या बुडीत, अठरा मीटरवर, मला एका कपारीत निळ्या गोगलगाईंची जोडी दिसली. शेजारी अंड्यांची गुलाबी फीत. सहा वर्षं शोधत होतो आम्ही. हे डोकं-खांदे आत घालून फोटो काढू लागले आणि मीही बघतच राहिले. भानावर आले तेव्हा यांचा काटा तिसावर होता.

मी वाजवलं. यांनी एक बोट वर केलं. एवढा एकच.

पुन्हा वाजवलं, जोरात. यांनी मागे न बघता हात झटकला, पेपर वाचताना झटकायचे तसाच. गेज डोळ्यांपुढे धरावं तर कपार एकाच माणसापुरती. वीस. मी पाय धरून ओढला, यांनी लाथ मारून सोडवला. दहा.

मग हे एकदम मागे सरकले. काचेआड डोळे मोठे झालेले. हात गळ्यावरून आडवा फिरवला. हवा संपली.

माझी हवेची जादा नळी मी यांच्या तोंडात कोंबली आणि पट्टा घट्ट धरला. माझ्या सिलिंडरमध्ये पन्नास होते, आता दोघांना मिळून. झपकन वर जावं असं पाय म्हणत होते. पण दुसऱ्या बुडीनंतर, रक्तात मुरलेला वायू हळूहळू निघून जावा म्हणून, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं चुकवता येत नाही. थांबलो. समोरासमोर, एकमेकांच्या श्वासाचे बुडबुडे मोजत. तीस. वीस. पंधरा.

बोटीवर चढलो तेव्हा बोटवाला हसला. "काय वहिनी, आज हातात हात?"

पाठीवरचा सिलिंडर उतरवून ठेवत हे म्हणाले, "वाजवलंस तेव्हा किती होतं?"

"तीस."

"मी सत्तर धरून चाललो होतो."

"सत्तर कशाला?"

"तू सत्तरला वाजवतेस. पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे मला."

"मग बोलला नाहीत कधी?"

"तू हातच्या राखलेल्या विसात माझे चार फोटो निघायचे."

पुढे मी पन्नासलाच वाजवलं, आणि पहिल्या टकटकीला हे कॅमेरा खाली करायचे. आमच्या अल्बममध्ये घाईच्या फोटोंत शेपटी कापल्या गेलेल्या गोगलगाई पुष्कळ आहेत. नाती विचारतात, "आजोबांना नीट फोटो येत नव्हते का?"

मी म्हणते, "आधी फार छान यायचे."