वाचवलेली चौतीस झुडपं

आमच्या टेकडीला एकतीस वर्षं आग लागली नाही, याचा गावाला कोण अभिमान! माझं मात्र त्याच गोष्टीने डोकं उठतं. मी या राखीव रानाची राखणदार, आणि मला ते जळायला हवं आहे.

वाळूच्या उतारावर प्रोटियाची चौतीस झुडपं उरली आहेत, सगळी म्हातारी. त्यांचं बी लाकडासारख्या टणक बोंडांत मिटून बसतं. रान जळलं की बोंडं उघडतात, बी मोकळ्या राखेत पडतं आणि आमच्याकडे हिवाळ्यात पडणाऱ्या पावसात रुजतं. न जळताच झुडूप मेलं तर बी गचपणात पडून उंदरांच्या पोटात जातं. हे मी दर वर्षी सभेत घसा फोडून सांगते. दर वर्षी द्राक्षमळेवाले कोर्नेलियस काका म्हणतात, "अलेटा, तुला रान राखायला ठेवलंय, जाळायला नाही." मग सगळे खिदळतात.

या मार्चमध्ये एका दुपारी टेकडीवर वीज पडली. आग हळूहळू, अगदी शहाण्यासारखी वाळूच्या उताराकडे निघाली. मला आनंदाने रडूच आलं. तेवढ्यात काका पाण्याच्या टाक्या आणि चाळीस माणसं घेऊन हजर.

"काका, वारा डोंगराकडे आहे. तुमच्या मळ्याला काही होत नाही. हात जोडते, जळू द्या!"

"वारा काय तुझ्या बापाचा नोकर आहे? एकतीस वर्षांपूर्वी माझं घर जळालं तेव्हाही तो आधी डोंगराकडेच होता."

झुडपांच्या बारा पावलं अलीकडे त्यांनी आग विझवली.

शनिवारी दुपारी मळ्यात मेजवानी झाली. काकांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. "वाचवली की नाही तुझी झुडपं? आणि परत पेट घेऊ नये म्हणून आमच्या माणसांनी सगळी वाळकी बोंडंसुद्धा तोडून आणली. एक शिल्लक नाही!"

"कुठायत ती?"

काकांनी मटणाच्या जाळीकडे बोट दाखवलं. "जाळायला एकदम फक्कड!"

जाळीखाली बोंडं उघडत होती आणि बी निखाऱ्यांत पडत होतं. मी मटणासकट जाळी उलथून टाकली आणि आगीत हात घातला. तीन बोंडं हाती लागली. तिन्ही रिकामी.

"वेडी झालीस का गं?" माझ्या भाजल्या बोटांवर पाणी ओतत काका म्हणाले. "झुडपं तर सगळी जिवंत आहेत!"