इंजिनखोलीतून आलेली हाक

मित्रांनो, संभाजीनगरात क्रांती चौकाजवळच्या एका घरात, काचेच्या कपाटात मी पडून असतो. मी एक जुना वॉकी-टॉकी. समुद्र इथून फार लांब. तरी रस्त्यावर जोरात हॉर्न वाजला, की मलाच कुणी बोलावतंय असं वाटतं. जीव स्वस्थ बसत नाही.

माझी उमेदीची वर्षं एका मालवाहू जहाजावर गेली. तिथं मी पाचोडच्या निशाताईंच्या कमरेला असे. आग लागली किंवा कुणी जखमी झालं, तर कुणी काय करायचं हे ठरवणं त्यांचं काम. त्या सारखा सराव घेत. खलाशी कुरकुरत. मलाही कंटाळा येई.

एका दुपारी इंजिनखोलीत तेलानं पेट घेतला. बाकीचे धावत वर आले. करमाडचा सुदर्शन आतच राहिला.

"ताई, लई धूर हाय. दार दिसंना!" माझ्यातून त्याचा आवाज आला.

"खाली बस. कुठं आहेस?"

"पंपाच्या मागं..." आणि आवाज तुटला. त्याच्याकडचा वॉकी-टॉकी कुणी चार्जिंगला लावलाच नव्हता.

कप्तान म्हणाले, "निशा, दारं बंद करून गॅस सोडायला हवा. आग तेलाच्या टाकीला भिडली तर सगळेच जाऊ."

त्या गॅसनं आग विझते; पण आत अडकलेला माणूसही गुदमरतो.

ताईंनी मला तोंडाशी धरलं, खलाशांनाही ऐकू जावं म्हणून. आवाज ठाम होता. "साहेब, थोडं थांबा. कृष्णा, टाकीच्या भिंतीवर पाणी मारत राहा. बुद्धभूषण, तोंडाला हवेचा संच लाव, जोडीदार घे आणि पंपाच्या मागं जा. स्ट्रेचर दाराशी आणा. तटरक्षक दलाकडं हेलिकॉप्टर मागा."

मग माझ्यातून नुसती खरखर. ती मला अजून सोसत नाही.

"घावला! बाहेर आणतोय!" बुद्धभूषण ओरडला.

दारं बंद झाली, गॅस सुटला, आग विझली. सुदर्शनचे हात भाजले होते. हेलिकॉप्टर येईपर्यंत, डॉक्टर फोनवर सांगतील तसे ताईंनी उपचार केले. तो वाचला.

पुढं जहाज मोडीत निघालं आणि ताईंनी मला घरी आणलं. पाहुणे कौतुक करतात; मग पुन्हा धूळ. गेल्या दिवाळीत सुदर्शन आला होता.

"ताई, त्या दिवशी भ्या वाटलं व्हतं का?"

"अजून वाटतं रे," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, तुमच्या इमारतीच्या जिन्यातही लाल अग्निशामक टांगलेला असेल. त्याच्यापुढं सायकल लावली असेल, तर आजच काढा. त्याची मुदत बघा. आम्हा साधनांना कपाटातलं कौतुक नको. संकटात तुम्ही हाक मारलीत आणि आम्हीच मुके निघालो, तर ते दुःख आम्हाला कुणाला सांगताही येणार नाही.