ओस्लावियाची न उघडलेली बाटली

मित्रांनो, आता मी रिकामी आहे आणि फार दमले आहे. तरीही माझी हकिगत तुम्हांला सांगते.

इटलीच्या पूर्व टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेजवळ ओस्लाविया नावाचं टेकडीवरचं छोटं गाव आहे. तिथली माती ठिसूळ, हातात घेतली की चुरा होणारी. तिथे रिबोला नावाची पिवळी द्राक्षं ऑक्टोबरात खुडतात. पांढरी वाइन करताना एरवी द्राक्षांची सालं लगेच काढून टाकतात. आमच्याकडे मात्र रस सालांसकट महिनोन्‌महिने ठेवतात. म्हणून आमची वाइन मधाच्या रंगाची होते आणि कडक चहासारखी तुरट लागते. तीच माझ्यात भरली होती.

मला भरणाऱ्या शेतकऱ्याचे भाऊ, ब्रूनो आजोबा, तरुणपणीच कॅनडात आले होते. गावाकडच्या शेवटच्या फेरीत त्यांनी मला स्वेटरमध्ये गुंडाळून त्यांच्या नॉर्थ यॉर्कच्या घरी आणलं. पुढे त्यांची बायको वारली. शेजारच्या धम्मप्रियाने महिनाभर त्यांना रोज डबा पोचवला. त्या उपकाराखातर आजोबांनी जवळची एकुलती एक बाटली, म्हणजे मी, तिच्या नवऱ्याच्या, धम्मदीपच्या हातात ठेवली.

धम्मदीप नागपूरचा इंजिनियर. पंचशील पाळणारं घर, दारूचा थेंबही चालत नसे. पण आजोबांचे डोळे भरून आले होते. त्याला नाही म्हणवलं नाही. आठवड्याने आजोबांनी कुंपणापलीकडून विचारलं, कशी होती? तो म्हणाला, फार छान होती.

मी बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसशेजारी, विंटर टायर्सच्या मागे उभी राहिले. सात वर्षं. वाइनची बाटली आडवी आणि थंड जागी ठेवायची असते, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. उष्णतेने माझं बूच सुकत गेलं. दर ऑक्टोबरात आजोबा माझ्यातल्या वाइनची आठवण काढत आणि दर वेळी धम्मदीप मान डोलावत असे. रविवारची वंदना मला खाली ऐकू यायची. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी त्याचा आवाज बारीक व्हायचा.

यंदा आजोबांचा भाऊ गेला आणि मळा विकला गेला. आजोबांचे पायही थकले. घर विकून ते वृद्धाश्रमात निघाले. त्यांनी धम्मप्रियाला सांगितलं, आता त्या टेकडीचं काहीच उरलं नाही, तुम्ही ती वाइन चाखलीत एवढंच समाधान.

ती घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, एक शील सांभाळताना आपण दुसरं मोडत आलो. आज जाऊन सांगा."

त्या दुपारी दोघं मला घेऊन गेले. धम्मदीपने सगळं सांगितलं. आजोबा रागावणार असं मला वाटलं.

"म्हणजे ती अजून आहे?" त्यांनी विचारलं.

आजोबांनी मला उघडताना बुचाचे तुकडे पडले. धम्मप्रियाने चहाच्या गाळणीतून वाइन गाळली. आजोबांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"हिची रया गेली," ते म्हणाले. "पण माती आमचीच."

मग धम्मदीपकडे बघून त्यांनी सांगितलं, तेव्हाच बोलला असतास तर मी तुझ्यासाठी द्राक्षांचा मुरंबा गावाहून मागवला असता, माझी वहिनी उत्तम करायची. धम्मदीप हसला आणि लगेच त्याने चष्मा पुसायला काढला.

मित्रांनो, तुम्हांला कुणी प्रेमाने काही दिलं आणि ते तुम्हांला चालत नसलं, तर तसं त्यांना सांगा. प्रेम करणारी माणसं समजून घेतात. आणि वस्तू ठेवायचीच असेल, तर ती कशी जपायची तेही विचारून घ्या.

मी आता निळ्या डब्यात पडून आहे. सकाळी रीसायकलिंगची गाडी येईल, माझी काच वितळवतील. पुढे काय होईन ते माझ्या हाती नाही. मुरंब्याची बरणी झाले तर बरं, रोज कुणीतरी उघडेल.