चंद्रीच्या कप्प्यातला डाव

मित्रांनो, मी आमटीचा एक जुना डाव आहे. पण आमटीला शिवून मला बरीच वर्षं झाली. आता मला वेळूची लांब काठी बांधली आहे आणि माझा मुक्काम डुकरांच्या शेडमधल्या एका खिळ्यावर आहे. नाक मुरडू नका. मुरडलंत तरी मला त्याची सवय आहे.

जयाबाईंच्या लग्नात बेळगावच्या बाजारातून मला आणलं. जाड पत्र्याचा, चांगला खोलगट. उचगावच्या त्यांच्या घरी पंगत बसली की मीच फिरायचो, आणि सासूबाई माझं कौतुक करायच्या. पुढे जयाबाई आणि त्यांचे यजमान भावकू यांनी मळ्यात डुकरिणी पाळल्या. एक अशक्त पिलू आईला लुचेना, म्हणून जयाबाईंनी घाईत मलाच पुढे करून त्याला दूध पाजलं. पिलू जगलं, पण मला स्वयंपाकघर बंद झालं. "बाटला त्यो, आत आणू नका," हा सासूबाईंचा शब्द मला फार लागला.

त्या पिलाचं नाव चंद्री. तिची तीन वेतं झाली, पिलंही गुटगुटीत निघाली. यंदा मात्र दोनदा नर दाखवूनही ती गाभण राहिली नाही. भावकूंनी निकाल लावून टाकला. "वांझ झाली ही. शुक्रवारी गोव्याच्या खाटकाची गाडी येती, तिच्यात घालतो."

तेव्हापासून खिळ्यावर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जयाबाईंचाही नसावा, कारण त्यांनी भावकूंना न विचारता जनावरांच्या डॉक्टर रचना यांना बोलावलं.

"आधी लघवी तपासू," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळी उठल्याउठल्या करते ती. पहिली धार जाऊ द्या, मधली धरा."

दुसऱ्या दिवशी जयाबाईंनी मला खिळ्यावरून काढलं. किती दिवसांनी मला काम मिळालं होतं! पण मी भरून आलो आणि डॉक्टरांनी माझ्या कडेला चिकटलेली पपडी पाहिली.

"आक्का, हे चालणार नाही. घाण डावातली की चंद्रीच्या पोटातली, मला कसं कळायचं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कुणी न धुता टांगून ठेवलं तर मी काय करणार? जयाबाईंनी मला घासलं, उकळलं, पालथा घालून वाळवलं.

गुरुवार उजाडला. आम्ही चंद्रीच्या मागे थांबलो आणि ती काही उठेना. भावकू दारातून डोकावले. "उठवू का तिला?"

"तुमी पुढं येऊ नका. बिचकती ती."

उद्या गाडी येणार आणि ही निवांत पडलेली! शेवटी ती उठली. जयाबाईंनी पहिली धार जाऊ दिली आणि मला पुढे केलं. जेमतेम तळ झाकला. गढूळ, तांबूस, नाकात झोंबणारं. कढत आमटीने मी कधी कुरकुरलो नाही, पण ते घोटभर पाणी पाहून मी घाबरलो.

डॉक्टरांनी त्यात एक पट्टी बुडवली. पट्टीचा रंग पालटून गुलाबी झाला. "लघवीच्या मार्गात जंतू झालेत. त्यानेच गाभ राहत नसेल. पण एवढी थोडी आणि एवढी दाट का?" उरलेली लघवी त्यांनी शहरात तपासायला बाटलीत भरली. मला धुऊन घेतलं, चंद्रीच्या पाण्याच्या नळीखाली धरलं आणि डुकरं तोंडाने दाबून पाणी पितात ते नळीच्या टोकाचं निपल दाबलं.

थेंब थेंब पडू लागले. मित्रांनो, मी भरता भरेना.

"पाण्याचा कॉक म्याच आवळलाय," भावकू खाली बघत म्हणाले. "शेजारचे वासावरनं लई बोलत्यात. पाणी कमी, तर घाण कमी, असं वाटलं."

"सगळ्या कप्प्यांचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय."

डॉक्टरांनी कॉक पुरता उघडायला लावला, इंजेक्शनं सुरू केली, पण जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असतील तर काही खरं नाही, हेही बजावलं. शुक्रवारी गाडी आली. भावकू फाटकात आडवे उभे राहिले.

"आज न्हाय द्यायची."

"मग कवा?" चालकाने विचारलं.

"औषध संपू दे. लघवी निवळली न्हाय, तर पुढच्या खेपंला."

औषध संपेपर्यंतचे दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. औषध संपलं त्या सकाळी जयाबाईंना बघवेना, म्हणून मला भावकूंनी धरलं. चंद्री उठली आणि मी काठोकाठ भरलो. इतकं नितळ की माझा तळ स्वच्छ दिसत होता.

"जया, बघ की गं," भावकू म्हणाले. मग तिथेच उकिडवे बसले आणि चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मागायचं न्हाय व्हय पाणी? तोंड न्हाय तुला?"

"मागत हुती ती," जयाबाई म्हणाल्या. "रोज थुतरीनं निपल वाजवत हुती. तुमास्नी लोकांचंच ऐकू येत हुतं."

भावकू मला घेऊन उठले आणि पुढच्या कप्प्यातल्या निपलखाली धरून पाणी नीट येतं का ते बघितलं. मग त्याच्या पुढच्या.

मित्रांनो, मला धुऊन, वाळवून ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. आणि वास येतो म्हणून लोक बोलले, तर शेड धुवा. जनावराचं पाणी तोडू नका.