दोन मण्यांमधली फट

जयराज, माझा बावीस वर्षांचा भाऊ, द्राक्षबागेत काड्या बांधता बांधता कोसळला आणि गेला, त्याला सात महिने झाले. हृदयातल्या एका प्रथिनात दोष होता, हे नंतरच्या तपासणीत कळलं. सांगलीच्या कॉलेजात मी प्रथिनांवरच संशोधन करते, हे कुणी कौतुकानं बोललं की माझ्या अंगाची आग होते.

रविवारी मी तासगावला घरी गेले, तेव्हा आमचे वडील, आबा, म्हणाले, "साक्षे, त्याचं काय बिघडलं हुतं ते दाव मला."

मी लॅपटॉप उघडला. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची घडी घातलेली माळ. जवळ आलेले मणी एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून घडी टिकते. कोण कुणाला धरून आहे, हेच मी दिवसभर मोजत बसते. जयराजच्या माळेत एकच मणी बदलला होता आणि शेजारच्या मण्यावरची त्याची पकड सुटली होती.

आबांनी पडद्यावरच्या त्या फटीवर बोट ठेवलं. नखात सुतळीचा तंतू अडकला होता.

"एवढंच सुटलं हुतं व्हय? आधी कळलं असतं तर म्या बांधलं असतं की गं."

मग त्यांनी विचारलं, "पर ह्यो मणी त्याच्यात आला कुठनं?"

"येतो असाच, आबा. कुणाकडनं न्हाई."

जयराजनंतर घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, ते रिपोर्ट माझ्याच बॅगेत होते. आबांच्या रिपोर्टातही तोच मणी बदललेला होता.