डॉक्टर कोनेंनी रस्ता मागितला

मित्रांनो, माझ्याकडे बघून "हा गंजका आकडा कशाला ठेवलाय?" असं म्हणू नका. मी बाळांचा टांगता वजनकाटा आहे. वय वर्षं सदतीस. तबकडी पिवळी पडली आहे, पण काटा अजून खोटं बोलत नाही. सिकासो शहरातल्या आमच्या वस्तीत आज जी माणसं ऐटीत मोटरसायकली उडवतात, त्यांतली निम्मी एकेकाळी माझ्या झोळीत पाय झाडत रडली आहेत. कितीतरी जणांनी मला भिजवलंही आहे!

माझा जन्म कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतं ते डॉक्टर झुमाना कोने यांचं अंगण. त्यांनी मला कडुनिंबाच्या फांदीला टांगलं आणि पहिल्याच दिवशी अकरा बाळं मोजली. दर सोमवारी ते किलोभर साखरेची पुडी टांगून माझी परीक्षा घ्यायचे आणि बरोबर निघालो की "शाबास, म्हाताऱ्या!" म्हणायचे. मी तेव्हा कोरा करकरीत होतो, तरीही! मध्ये एकदा बॅटरीवर चालणारा चपटा काटा आला आणि मला अख्खा पावसाळा कपाटात काढावा लागला. फार वाईट दिवस होते ते. पुढे त्याच्यात मुंग्या शिरल्या, आकडे नाचायला लागले आणि मी परत फांदीवर आलो. मला आनंद झाला नाही म्हटलं, तर ते माझं पहिलं खोटं ठरेल.

आता त्या दिवसाचं सांगतो. नुसत्या आठवणीने माझी स्प्रिंग थरथरते.

डॉक्टर निवृत्त झाले होते. काजोलोजवळ त्यांच्या भावाची आंब्याची बाग आहे, तिकडे राहायला निघाले होते. आणि मलाही सोबत नेणार होते! जुन्या टॉवेलात गुंडाळून गाडीच्या उघड्या डिकीत ठेवलं होतं मला. गाडी, प्रवास, आंबे! मी अगदी हुरळून गेलो होतो.

डॉक्टरांच्या मनाला मात्र एक काळजी कुरतडत होती. त्यांच्या जागी असेतू सानोगो नावाच्या तरुण डॉक्टरबाई येऊन महिना झाला, तरी एकही माणूस त्यांच्या खोलीत गेला नव्हता. सगळे जुन्याच दारापुढे रांग लावत. रिकाम्या खोलीत त्या किती दिवस टिकणार? त्याही गेल्या, तर वस्तीला डॉक्टरच उरणार नव्हता.

आमच्याकडे कुणी नुसतं उठून चालू पडत नाही. ज्यांच्यात राहिलो, त्यांच्याकडे रस्ता मागावा लागतो. ते देतात, पण अर्धाच. उरलेला अर्धा ठेवून घेतात, म्हणजे माणूस परत येतो. रस्ता न मिळवता गेला, तो भांडून गेला असंच सगळे धरतात.

अंगण माणसांनी फुलून गेलं होतं. बालाफोनच्या लाकडी पट्ट्यांवर टिपऱ्या धावत होत्या आणि शेंगदाण्याच्या रश्श्याचा घमघमाट सुटला होता. पाय बांधलेल्या भेटीच्या कोंबड्या तर माझ्या शेजारीच कलकलत होत्या. रस्ता द्यायचा मान होता तेनिन त्राओरे आजींचा, वस्तीत त्याच सर्वांत मोठ्या. त्राओरे आणि कोने या घराण्यांचं नातं थट्टेचं. भेटलं की एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं आणि कुणी रागवायचं नाही.

"काय गं चवळीखाऊ, बरी आहेस ना?" डॉक्टरांनी हाक दिली.

"आला का चवळीच्या पातेल्यातला डाव! इतकी वर्षं सुया टोचल्यास, आणि आता पळतोस होय?"

"पळत नाही, आजी. रस्ता मागतोय."

"नाही देत."

लोक खो खो हसले. आजी हसल्या नाहीत. बालाफोन थांबला.

"तू गेल्यावर माझ्या पणतीला कोण बघणार?"

"या डॉक्टर सानोगो आहेत ना."

"ही? ही तर काल शाळेतून सुटलेली पोर!"

आजी काठी टेकत थेट गाडीपाशी आल्या आणि त्यांनी टॉवेल उलगडला. मित्रांनो, माझी तर बोबडीच वळली!

"चोरा! आमचा काटा पळवतोस?"

"आजी, माझाच आहे तो."

"तुझा? आमची पोरं ज्यात मुतली, तो तुझा कसा रे?"

पुन्हा हशा पिकला. नातवाला हुकूम सुटला, मी फांदीवर चढलो आणि पणती झोळीत बसली. डॉक्टर सवयीने पुढे सरसावले.

"तू थांब तिकडे. तू रस्ता मागायला आलायस ना? ए पोरी, तू ये. वाच."

डॉक्टरबाई आल्या. मी मन लावून स्थिर झालो.

"सहा किलो आठशे."

"मागच्या महिन्यात किती होतं?"

"सहा चारशे. खोकला होता. डाव्या कुशीवर निजवली की कमी व्हायचा." वहीकडे बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी.

आजींचे डोळे बारीक झाले. "तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी नाही. महिनाभर तुम्ही त्या दारापुढे बसलात आणि मी या खिडकीत. मला दुसरं काम तरी काय होतं?"

मग आजीच आधी हसल्या.

"घे रे चवळीखाऊ, घे तुझा अर्धा रस्ता! उरलेला या पोरीपाशी ठेवलाय. हवा असेल तर हिच्याकडे येऊन माग. आणि गुमान रांगेत बस!"

टिपऱ्या पुन्हा पट्ट्यांवर पडल्या. डॉक्टर रडत होते आणि हसतही होते. आजींचे दोन्ही हात त्यांनी बराच वेळ सोडले नाहीत. माझे आंबे हुकले, पण खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. तिला तेलपाणी करा, अधूनमधून तिची परीक्षा घ्या. आणि तुमच्या वस्तीत कुणी नवं माणूस येऊन एकटं खिडकीत बसलं असेल, तर त्याच्या दारापुढेही जरा रांग लावा.

गाडी हॉर्न वाजवत निघाली. सगळे रस्त्यापर्यंत धावले. मला मात्र बघायला मिळालं नाही. डॉक्टरबाईंनी हाक दिली होती आणि माझ्या झोळीत पुढचं बाळ बसलं होतं.