उमरठला सांगायचं राहिलं

आईचं पोट फुगायला लागलं तेव्हा दोन महिने ती गॅसच्याच गोळ्या घेत होती. मग सोनोग्राफी झाली आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि काढलेल्या गाठीचा तुकडा आणि रक्त जनुकांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्टला महिना लागला.

मी महाडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर रिपोर्ट तपासून सह्या करते. आईचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मास्क खाली ओढून उभ्यानेच वाचला. बीआरसीए-वन नावाच्या जनुकात बिघाड आहे, एवढं कळलं. पुढचं मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

"पेशीची मोडतोड दुरुस्त करणारं हे जनुक. तुमच्या गाठीत ते बंद पडलंय, म्हणून त्या गाठीवर एक ठरावीक गोळी चांगली चालेल." त्यांनी रिपोर्टचं पान उलटलं. "पण रक्तातही तोच बिघाड सापडलाय. म्हणजे तो जन्मापासूनचा. मुलीला, भावंडांना, त्यांच्या मुलांना असू शकतो. असेलच असं नाही, पण तपासायला हवं."

आईने आधी चष्मा काढला. मग म्हणाली, "म्हंजे मुक्ताला कोणी काय केलं नव्हतं."

मुक्ता माझी मावशी. अडतिसाव्या वर्षी छातीतल्या गाठीने गेली. त्याआधी आजी पोटात पाणी होऊन गेली होती. आईच्या माहेरी, उमरठला, दोन्ही वेळा कोणीतरी करणी केली असंच ठरलं आणि दोन्ही वेळा कोंबडं दिलं गेलं.

माझ्यात बिघाड निघाला नाही. आई त्या दिवशी पोटभर जेवली. राहिला तो तिचा धाकटा भाऊ, मालोजीमामा, आणि त्याच्या दोन मुली, अंकिता आणि सेजल.

पोलादपूरला गाडी बदलून आम्ही उमरठला गेलो. अंकिताचा साखरपुडा होऊन पंधरा दिवस झाले होते. तिने पोहे आणून दिले, नवऱ्या मुलाचा फोटो दाखवला आणि आत गेली. मग आईने मामाला सगळं सांगितलं. मी रिपोर्टसाठी पिशवीत हात घातला.

"तो कागद हितं काढू नको," मामा म्हणाला.

"तू निस्तं रक्त दे, मालोजी. तुझ्यात नसंल तर पोरी मोकळ्या."

"आन असलं तर? सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर मोडंल सगळं. मग सेजलला तरी कोण इचारणार हाय? लगीन होऊ दे, बाय. मंग बघू. तुला माझ्या गळ्याची आन हाय."

आईने मला पिशवी बंद करायला लावली. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "मी अंकिताला फोन करते."

"नको गो. त्याची पोर हाय."

मी केला नाही. अंकिताचा नंबर माझ्याकडे होता, तरी केला नाही.

गोळीने आई उभी राहिली. केस आले, भूक आली. अंकिताच्या हळदीला तिने बसून गाणी म्हटली. पुढे जेव्हा जेव्हा ती विषय काढायची, मामाकडे काहीतरी तयार असायचं. आत्ताच नांदायला गेलीय. आता तिला दिवस गेलेत. आता बाळंतीण हाय.

दोन वर्षं होत आली आणि आईच्या रक्तातला कॅन्सरचा आकडा वाढला. नव्या गाठीचा तुकडा सुईने काढला, पुन्हा तीच तपासणी झाली.

"गाठीने तो बिघाड स्वतःच दुरुस्त करून घेतलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यामुळे गोळी आता चालणार नाही."

"माझ्या अंगातला दुरुस्त होत नाय, आन गाठीतला झाला?"

"हो," त्या म्हणाल्या. "असं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला अंकिताला फोन लावायला सांगितलं. अंकिता बदलापूरला राहायची, मुलगी सात महिन्यांची होती. आईने आजीपासून सगळं सांगितलं, मामाने घातलेली शपथही सांगितली. पलीकडून बाळाचा आवाज येत होता.

"आत्या," अंकिता म्हणाली, "मला उजव्या बाजूला गाठ लागतेय. तीन महिने झाले. सगळे म्हणतात, दूध साठलंय."

आईने फोन माझ्या हातात दिला. मी अंकिताला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं.

अंकिताची गाठ कॅन्सरची निघाली, तो काखेतही उतरला होता. तिच्या रक्तात तोच बिघाड होता.

मामा महाडला आला तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. त्याने उभ्यानेच शर्टाची बाही वर केली. "प्रिया, माझं रक्त घे."

"आता तुमचं नको, मामा. अंकिताला तुमच्याकडनंच आलंय, ते कळलं. आता सेजलचं हवंय."

तो बाही तशीच धरून उभा राहिला. आई त्याला एवढंच म्हणाली, "जेवून जा."

बारा दिवसांनी ती गेली. अंकिताची केमो चालू होती, ती येऊ शकली नाही.

सेजलला मुंबईला मी घेऊन गेले. बावीस वर्षांची पोर, नंबर येईपर्यंत ओढणीचं टोक पिळत बसली होती.

"ताई, असलं तर?"

"दरवर्षी तपासण्या करायच्या. पुढे धोक्याचे अवयव आधीच काढायच्या ऑपरेशनचंही विचारतील. आधी माहीत असलं की गाठ बारीक असतानाच सापडू शकते."

"तुम्हाला आधी माहीत होतं ना? मग अंकिताताईला का नाय सांगितलंत?"

"लग्न मोडेल म्हणून," मी म्हटलं.

तिने ओढणीचं टोक सोडून दिलं. आतून तिचं नाव पुकारलं. मी बरोबर उठले तर नको म्हणाली, आणि एकटीच आत गेली.